कामगाडी कामगाडीच राहू द्या

लंडनच्या पश्चिमेला, अ‍ॅक्टन टाउन स्टेशनपासून दोन पावलांवर लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियमचा डेपो आहे. संग्रहालयाची मुख्य इमारत शहराच्या मध्यावर, कॉव्हेंट गार्डनच्या जुन्या फूलबाजारात. तिथे मावत नाही ते सगळं अ‍ॅक्टनला ठेवतात. १९९९ साली सुरू झालेला हा डेपो रोज उघडा नसतो. वर्षातल्या मोजक्याच दिवशी सर्वसामान्यांना आत जाता येतं. पुतणीकडे गेलो होतो तेव्हा असा एक दिवस साधून मी तिथे पोचलो. लाल बसगाड्या, ट्रामगाड्या आणि ट्यूबचे, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेचे, चकचकीत डबे यांच्याभोवती लहान मुलांची आणि कॅमेरेवाल्यांची गर्दी होती. मी ज्या गाडीपाशी थांबलो तिच्याजवळ फारसं कुणी रेंगाळत नव्हतं. ती कामगाडी होती, म्हणजे प्रवासी न वाहता रेल्वेच्याच देखभालीसाठी राबणारी गाडी. तिचा नंबर ईएसएल १०७.

दिसायला ती देखणी नाही. जुन्या ट्यूब गाडीची दोन तोंडं पाठीला पाठ लावून जोडावीत तशी ती दिसते, आणि खरोखर ती तशीच बनलेली आहे. दोन्ही टोकांना चालकाची केबिन, केबिनमागे हवा खेळण्यासाठी झडपा. डब्याखाली एरवी दोन बोगी, म्हणजे चाकांचे सांगाडे, असतात, हिच्याखाली चार आहेत. टोकाच्या बोगी गाडी ओढायच्या. मधल्या दोन बोगींवर बर्फ फोडणारे रोलर, तारांचे ब्रश आणि न गोठणारं द्रव फवारणारी नळ्यांची मांडणी असायची. ‘ईएसएल’मधल्या ‘एसएल’चा अर्थ स्लीट लोकोमोटिव्ह, म्हणजे गारठलेल्या पावसाशी झुंजणारं इंजिन.

हे काम काय होतं ते समजायला लंडनची वीज कुठून येते ते आधी सांगायला हवं. मुंबईच्या लोकलला वीज डोक्यावरच्या तारेतून मिळते. लंडनच्या ट्यूबला ती जमिनीवरून मिळते. गाडी चालते ते दोन रूळ वेगळे, शिवाय बाहेरच्या बाजूला एक आणि मधोमध एक असे विजेचे दोन रूळ. गाडीखालचा ‘शू’ त्यांवरून घासत जातो आणि वीज उचलतो. नावात ‘अंडरग्राउंड’ असलं तरी या रेल्वेचा निम्म्याहून जास्त मार्ग उघड्यावर आहे. हिवाळ्याच्या रात्री पावसाचं पाणी त्या रुळावर पडताच गोठतं आणि रुळावर काचेसारखा पापुद्रा धरतो. बर्फातून वीज नीट जात नाही. शू उड्या मारतो, निळ्या ठिणग्या पडतात आणि गाडी मधेच उभी राहते. म्हणून शहर झोपलेलं असताना ईएसएल १०७ आणि तिच्या बहिणी त्या उघड्या मार्गांवरून हळूहळू फिरायच्या, बर्फ फोडायच्या, घासायच्या, द्रव शिंपडायच्या. सकाळी कामावर निघालेल्या माणसाला गाडी वेळेवर मिळाली, की रात्री इथे कुणी होतं हे त्याला कळायचंही कारण नव्हतं.

आता या गाडीचा पहिला जन्म. सेंट्रल लंडन रेल्वे १९०० साली सुरू झाली. कुठूनही कुठेही दोन पेन्स भाडं, म्हणून लोक तिला ‘टूपेनी ट्यूब’ म्हणू लागले. सुरुवातीला तिचे डबे जड विजेची इंजिनं ओढत. त्या वजनाने वरच्या इमारती हादरू लागल्या, तक्रारी झाल्या, सरकारने चौकशी समिती नेमली. उपाय सापडला तो अमेरिकेत फ्रँक स्प्रेग या अभियंत्याने शिकागोच्या उन्नत रेल्वेवर नुकत्याच यशस्वी केलेल्या पद्धतीत: इंजिन काढून टाकायचं, डब्यांनाच मोटारी बसवायच्या आणि सगळ्या मोटारी एकाच केबिनमधून चालवायच्या. याला मल्टिपल युनिट म्हणतात. आपण लोकलला ‘ईएमयू’ म्हणतो, त्यातलं ‘एमयू’ ते हेच. त्यासाठी १९०३ साली सेंट्रल लंडन रेल्वेने मोटार डबे आणले. बोरिवली किंवा बदलापूरच्या लोकलचा मोटरकोच या डब्यांच्याच कुळातला.

१९३९च्या सुमारास नव्या गाड्या आल्या आणि हे डबे प्रवासी सेवेतून निघाले. एरवी त्यांची वाट थेट भंगाराकडे होती. पण युद्धाच्या त्या वर्षांत छत्तीस डबे निवडले गेले. प्रत्येकाचा प्रवाशांचा भाग कापून टाकला, मोटारीकडचा भाग ठेवला आणि दोन-दोन भाग पाठीला पाठ लावून जोडले. अशी अठरा इंजिनं तयार झाली. पुढची चाळीसहून जास्त वर्षं त्यांनी हिवाळे काढले. पुढे प्रवासी गाड्यांवरच बर्फ हटवण्याची सोय झाली, तेव्हा त्यांची गरज संपली. १९८५च्या आसपास शेवटची इंजिनं निवृत्त झाली आणि ईएसएल १०७ संग्रहालयाकडे आली.

हिशेब मांडून पाहा. या लोखंडाने प्रवासी वाहिले ती वर्षं छत्तीसच्या आसपास, आणि बर्फ फोडला ती वर्षं चाळीसच्या वर. तिचं जास्त आयुष्य रात्रपाळीतच गेलं.

मी उभा होतो तिथे एक वयस्क गृहस्थ आले. त्यांना जुन्या ट्यूबची बारीकसारीक माहिती होती. माझ्याशी बोलता बोलता ते हळहळले की १९०३चा डबा मूळ रूपात, लाकडी बाकं आणि पितळी कड्यांसकट, उभा असता तर किती बहार आली असती! त्यांच्या हळहळीत खोटं काही नव्हतं. जगभरच्या रेल्वेप्रेमींची हीच ओढ असते, आणि संग्रहालयंही पुष्कळदा तिच्यामागे जातात. कामाला जुंपलेली जुनी गाडी हाती लागली की पहिला विचार येतो तो तिला ‘मूळ रूपात’ आणण्याचा. नंतर बसवलेलं यंत्र उतरवा, रंग खरवडा, बाकं नव्याने घडवा, फोटोत दिसतं तसं सगळं करा. मला या विचाराच्या विरोधात बोलायचं आहे. तो प्रेमातून येतो हे मान्य करूनच बोलायचं आहे.

आमच्या घरी आजीची एक गोधडी आहे. तिच्यात आजीची दोन लुगडी आहेत, आजोबांच्या धोतराचा एक तुकडा आहे आणि वडिलांच्या शाळेतल्या सदऱ्याचं निळं कापड आहे. लुगडं म्हणून त्या कापडाने जेवढी वर्षं काढली असतील, त्याहून जास्त वर्षं ते गोधडी म्हणून आमच्या अंगावर आहे. आजीचं लुगडं बघायचंय म्हणून आमच्यापैकी कुणी ती गोधडी उसवायला बसणार नाही. उसवून हाताला काय लागेल? विरलेल्या कापडाच्या पट्ट्या, आणि टाके गेलेले. ईएसएल १०७ ही लोखंडाची गोधडी आहे. तिचा सांधा, मधल्या जादा बोगी, झडपा हेच तिचे टाके.

वास्तूंच्या बाबतीत हा वाद शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच होऊन गेला आहे. इंग्लंडात जुन्या चर्चांना ‘मूळ रूप’ देण्याच्या नादात शतकानुशतकांची भर खरवडून काढली जात होती. तेव्हा कवी आणि कारागीर विल्यम मॉरिस आणि त्यांच्या सोबत्यांनी १८७७ साली प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. त्यांचं म्हणणं साधं होतं: इमारतीवर काळाने जे चढवलं तोही इतिहास आहे, तो खरवडून तुम्ही जे उभं कराल ते जुनं नसेल, तुमच्या कल्पनेतलं जुनं असेल. इमारतींबद्दल हे आता बऱ्यापैकी पटलेलं आहे. यंत्रांपर्यंत मात्र ते पुरतं पोचलेलं नाही.

आपल्याकडे याच्या उलट वाटणारा एक अनुभव आहे आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. देवाच्या मूर्तीवर वर्षानुवर्षं शेंदूर चढतो, त्याचं जाड कवच होतं. सप्तशृंगगडावर २०२२ साली देवीच्या मूर्तीवरचं असं कवच काढलं गेलं तेव्हा आतलं रेखीव रूप बघून लोक भारावले. म्हणजे थर काढणं नेहमीच चूक असं नाही. पण तिथे शेंदराखाली मूर्ती अखंड होती. कामगाडीत खालचं काही शाबूत नसतं. १९०३च्या डब्याची बाकं, दरवाजे, प्रवाशांची बाजू १९४०च्या आसपास कापून फेकून दिलेली आहे. थर काढून तिथे मूर्ती सापडणार नाही. नवी घडवावी लागेल, आणि त्यासाठी जे खरोखर उरलं आहे ते मोडावं लागेल.

या ओढीमागे पैशाचंही एक कारण आहे. जुनी प्रवासी गाडी दुरुस्त केली की तिच्यात लोकांना बसवता येतं. लंडनमध्ये ‘सारा सिडन्स’ नावाचं मेट्रोपॉलिटन रेल्वेचं शंभर वर्षांपूर्वीचं विजेचं इंजिन खास फेऱ्यांसाठी निघतं. न्यूयॉर्कला डिसेंबरात तीसच्या दशकातले डबे भुयारी मार्गावर धावतात आणि लोक जुन्या पद्धतीचे कपडे घालून त्यांत चढतात. हे छानच आहे. कामगाडीत मात्र बाकं नसतात, तिचं तिकीट विकता येत नाही, तिच्यासमोर लग्नाचे फोटो काढायला कुणी येत नाही. देणगीदाराला दाखवायला तिच्यात चमक नाही. मग निधी वाटताना ती रांगेत शेवटी उभी राहते. शेवटी उभी राहिली की कधीतरी जागेची अडचण निघते आणि ती जाते. आपल्याकडचा शब्द वापरायचा तर ‘कंडम’ होते.

असं असूनही कामगाडी आपल्या रूपात ठेवली, तर ती काय देऊ शकते याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मला न्यूयॉर्कचं वाटतं. तिथलं ट्रान्झिट म्युझियम ब्रुकलिनमध्ये जमिनीखाली, कोर्ट स्ट्रीट नावाच्या बंद पडलेल्या स्टेशनात आहे. १९३६ साली उघडलेलं ते स्टेशन प्रवासी मिळेनात म्हणून १९४६ साली बंद झालं. १९७६ साली, अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली तेव्हा तिथे काही महिन्यांपुरतं प्रदर्शन भरवलं. प्रवेशाला भुयारी रेल्वेचं एक टोकन द्यायचं. लोकांची रीघ लागली आणि प्रदर्शन कायमचं झालं. तिथे ‘मनी ट्रेन’चा वारसाही जपला आहे. १९५१ पासून २००६ पर्यंत ही गाडी स्टेशनांवर थांबे, बंदूकधारी रखवालदार उतरत आणि तिकीटखिडकीवरची रोकड पोत्यांत भरून जे स्ट्रीटवरच्या ३७० क्रमांकाच्या इमारतीत मोजायला नेली जाई. त्या शहरात पाच सेंटच्या एका नाण्यात भुयारी प्रवास होत असे, १९०४ पासून १९४८ पर्यंत. पुढे टोकन आलं, मग मेट्रोकार्ड. लाखो माणसांची एकेक नाणी रोज कुणीतरी उचलून न्यायची असतात हे त्या गाडीकडे बघून एका क्षणात उमगतं. तिचा डबा पुसून साफ केला आणि आत बाकं मांडली असती, तर न्यूयॉर्कला जुन्या डब्यांत आणखी एकाची भर मिळाली असती आणि शहराच्या आठवणीतून अख्खी एक गोष्ट नाहीशी झाली असती.

हे सगळं मी मराठीत का लिहितो आहे? कारण आपल्या विजेच्या रेल्वेलाही आता शंभर वर्षं झाली. ३ फेब्रुवारी १९२५ या दिवशी मुंबईच्या व्हीटी स्टेशनातून कुर्ल्याला जाणारी देशातली पहिली विजेची गाडी सुटली. ५ जानेवारी १९२८ला पश्चिमेकडे कुलाबा ते बोरिवली वीज आली. पाठोपाठ घाट विजेवर आले आणि १९३० साली दख्खनची राणी धावू लागली. या इतिहासातलं जे जपलं गेलं आहे त्यात इंजिनं पुढे आहेत. राणी ओढणाऱ्या जातीचं ‘सर रॉजर लम्ले’ दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. घाटात मालगाड्या ओढणाऱ्या, लांब नाकाच्या इंजिनांना आपले रेल्वेवाले ‘खेकडा’ म्हणत. त्यांतलं एक वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात बघायला मिळतं. ही इंजिनं जपली याचा आनंदच आहे.

पण ही शंभर वर्षं ज्या गाडीने टिकवली ती टॉवर वॅगन. लोकलच्या दारात उभं राहणाऱ्या प्रत्येकाने ती कधी ना कधी पाहिली आहे: यार्डाच्या कोपऱ्यात उभी, पुढे-मागे केबिन, टपावर कठडे लावलेला वर-खाली होणारा मंच. डोक्यावरच्या तारांचं, म्हणजे ओएचईचं, काम तिच्यावर चढूनच होतं. विजेच्या रेल्वेला जगवणारी ही गाडी डिझेलवर चालते, कारण ती कामाला निघते तेव्हा तारेतली वीज बंद केलेली असते. लंडनला याच अडचणीवर बॅटरीची इंजिनं काढली होती. त्यांतलं १९३८चं एल ३५ अ‍ॅक्टनच्याच डेपोत आहे. रूळ जिवंत असला तर ते रुळावरून वीज घ्यायचं आणि रूळ मेला की स्वतःच्या बॅटरीवर चालायचं. एकच प्रश्न दोन शहरांनी आपापल्या रीतीने सोडवला, हे अशा गाड्या नुसत्या उभ्या असल्या तरी सांगतात.

माझा मामा ओएचईत होता. लहानपणी सुट्टीत कल्याणला गेलो की दुपारी आम्हा पोरांना आवाज करायची बंदी असे, ‘मामा झोपलाय.’ तो पहाटे पाच-साडेपाचला यायचा. आधी मोरीत उकिडवा बसून हाताचं ग्रीस रॉकेलने काढायचा, मग साबणाने धुवायचा, आणि तरीही मामीच्या हातून चहाचा कप घेताना त्याच्या बोटांच्या पेरांत काळ्या रेघा दिसायच्या. डीसी वीज जाऊन एसी येण्याचा सगळा काळ त्याने तारेवर काढला. पंधराशे व्होल्टची जागा पंचवीस हजार व्होल्टने घेतली, म्हणजे दाब सोळापटीहून जास्त. त्यामुळे तेवढ्याच कामाला विजेचा प्रवाह कमी लागतो आणि तार बारीक चालते. डीसीची तार अंगठ्याएवढी जाड होती, एसीची तिच्या मानाने करंगळी, हे तो बोटं दाखवून सांगायचा. पण दाब वाढला की तार आणि तिच्याभोवतीचं सगळं यांच्यात अंतरही जास्त लागतं. इन्सुलेटर बदला, कुठे रूळ खाली घ्या, कुठे पूल काढा. सँडहर्स्ट रोडजवळचा एकोणिसाव्या शतकातला हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडला, त्यामागे त्याची कमी उंची हे एक कारण होतं. पश्चिम रेल्वेवरचं काम २०१२ साली संपलं, मध्य रेल्वेवरची शेवटची डीसी लोकल ९ एप्रिल २०१६च्या रात्री हार्बरवर कुर्ल्याहून सीएसटीला गेली. एक्याण्णव वर्षांचा प्रवास तिथे संपला. इतकी मोठी उलथापालथ झाली आणि तरी मुंबई रोज कामाला गेली, कारण हे काम रात्रीच्या दोन-अडीच तासांच्या फटीत आणि रविवारच्या मेगा ब्लॉकमध्ये झालं.

लोकांना आठवतो तो मेगा ब्लॉकचा त्रास. मलाही झाला आहे. फलाटावर पोराबाळांना घेऊन तासभर उभं राहणाऱ्या माणसाला तारेचं तत्त्वज्ञान सांगण्यात अर्थ नसतो. पण रुळांवर काम करताना माणूस गेला तर त्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत उरकते, हेही आपण पाहतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं मला वाटतं. जे काम दिसत नाही त्याच्याबद्दल आपल्याला फक्त त्याचा त्रास ठाऊक असतो. संग्रहालयाने हेच भरून काढायचं असतं. राजघराण्याचा डबा पाहून मुलाच्या डोळ्यांत कौतुक येतं. टॉवर वॅगनच्या मंचावर चढून त्याने वर हात केला आणि त्या तारेची उंची त्याला कळली, तर पुढच्या रविवारी ब्लॉकची पाटी वाचताना त्याच्या मनात निदान एक माणूस उभा राहील.

‘भंगारातल्या गाड्या किती म्हणून ठेवायच्या?’ असं विचारतात. बरोबर आहे, सगळ्या ठेवायच्या नाहीतच. एक ठेवा, पण पुरी ठेवा. तिच्यासोबत तिची शिडी, दोरखंड, डिस्चार्ज रॉड (बंद केलेली तार जमिनीशी जोडायचा दांडा), कंदील आणि ब्लॉकची नोंदवही ठेवा. रंग उडाला असेल तर गंज थांबवण्यापुरतं करा. माणसांच्या पायांनी झिजलेली पायरी भरून काढू नका. आणि कृपा करून तिला चौथऱ्यावर चढवू नका. आपल्याकडे जुनं यंत्र जपायचं म्हणजे स्टेशनबाहेर चौथरा बांधायचा, त्यावर ते बसवायचं, भोवती साखळी लावायची आणि दर वर्षी ऑइल पेंटचा एक हात मारायचा. कोकणच्या किनारपट्टीच्या चार पावसाळ्यांत तो रंग वरून चकचकीत राहतो आणि खालचा पत्रा चाळणी होतो. छप्पर नसलेलं जतन म्हणजे हळू चालणारं भंगारच. अ‍ॅक्टनच्या डेपोचं मला सर्वांत जास्त कौतुक वाटलं ते त्याच्या साधेपणाचं: मोठी शेड, कोरडी जमीन, रूळ आणि त्यावर उभी वाहनं. आपल्याकडे रेल्वेच्या जुन्या शेडची कमतरता नाही. वापरातून गेलेली एखादी शेड या कामाला देणं हा पैशाइतकाच इच्छेचा प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. जुनी कामाची वाहनं घाणेरडी असतात, त्यांत अ‍ॅस्बेस्टॉससारखे घातक पदार्थ असू शकतात, लोकांना आत सोडायचं तर बरंच काही काढून टाकावंच लागतं. मग ‘जसं आहे तसं’ कुठे उरलं? यावर माझं उत्तर एवढंच की जे काढाल ते लिहून ठेवा आणि काढल्याची जागा दिसू द्या. डॉक्टर टाके घालतो तेव्हा ते लपवायला घालत नाही. मूळ रूपाचा देखावा उभा करणं आणि धोका काढून टाकणं यांत फरक आहे, आणि तो गाडी बघायला येणाऱ्या माणसाला कळतो.

घाई करायची गरज मात्र दुसऱ्याच गोष्टीची आहे. लोखंड थांबतं, माणसं थांबत नाहीत. डीसीच्या काळात तारेवर चढलेले लोक आता सत्तरीत आहेत. त्यांच्याकडे जे आहे ते कुठल्या फायलीत नाही: पावसात कुठली तार आधी गाते, धुक्यात हाक कशी द्यायची, कुठल्या पुलाखाली मंच किती बोटं खाली घ्यायचा. गाडी वाचली आणि हे गेलं, तर आपण रिकामा डबाच वाचवला. या लोकांच्या तासनतास मुलाखती घ्यायला हव्यात, त्यांच्या भाषेत, त्यांच्या शिव्यांसकट, आणि त्या गाडीजवळच ऐकायला ठेवायला हव्यात.

लंडनहून आल्यावर मी मामाला ईएसएल १०७ चे फोटो दाखवले. ती कुठल्या साली झाली, कुणी बांधली, वेग किती, यातलं त्याने काही विचारलं नाही. फोटो बोटांनी मोठा करत त्याने मधल्या बोगी बराच वेळ न्याहाळल्या आणि म्हणाला, “हे सगळं ठीक आहे रे. माणसं कुठं उभी राहायची?”

मला सांगता आलं नाही. मी उलट त्यालाच विचारलं, “मामा, तुमच्या टॉवर वॅगनवर कोण कुठं असायचं?” तो उठला, गेल्या वर्षीचं कॅलेंडर काढलं, डिसेंबरचं पान उलटं केलं आणि पेनाने ठिपके द्यायला लागला. हा मंचावर डावीकडे, हा उजवीकडे, हा खाली दोर धरून, हा केबिनमध्ये डोळे वर लावून. मग त्या सगळ्यांपासून लांब, पानाच्या दोन कडांना, एकेक ठिपका. “हे दोघं डिस्चार्ज रॉडवाले. ब्लॉक मिळाला तरी तार मेली असं धरायचं नाही. दोन्हीकडनं तिला जमीन दाखवायची. आधी खालचं टोक रुळाला बांधायचं, मगच वरचा आकडा तारेला लावायचा. काढताना आधी तार, मग रूळ. यात उलटं झालं की माणूस घरी येत नाही.” ते दोन ठिपके त्याने पुन्हा गिरवले, कागद मागून फुगेपर्यंत. गाडी त्याने अजून काढलीच नव्हती. ती त्याने सगळ्यात शेवटी काढली, त्या ठिपक्यांच्या मधोमध, दोन साध्या रेघांची.